लोरेन हॅन्सबेरीच्या नाटकातलं घर आपल्याला इतकं ओळखीचं का वाटतं?

अनघा_नायगाव

आमच्या दादरच्या वाचनगटात या महिन्यात लोरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' वाचलं. वाचन संपल्यावर लोक उठेचनात. बोलणं नाटकावरून घरांवर गेलं, चाळींवर गेलं, सोसायट्यांवर गेलं. तिथे अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे न्यावं म्हणून हा धागा. कथानक उघड करूनच लिहिते आहे, त्याशिवाय मुद्दा सांगता येणार नाही.

तिची ओळख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात: ब्रॉडवेवर जिचं नाटक आलं ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. ते खरंच आहे. ११ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या एथेल बॅरिमोर थिएटरात ते उघडलं, दिग्दर्शन लॉइड रिचर्ड्सचं, कामं सिडनी पॉइटिए, रुबी डी, क्लॉडिया मॅकनील, डायना सँड्स अशा एकेका भारी नटांची. ब्रॉडवेवर ५३० प्रयोग झाले. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षकांचा पुरस्कार मिळाला तेव्हा तिने तिशीही गाठली नव्हती. पण 'पहिली' म्हणून हार घातला की नाटक वाचायची गरज उरत नाही असं काहीतरी होतं, आणि तिच्या बाबतीत ते फार झालंय.

नाटक उघडतं ते गजराच्या घड्याळावर. शिकागोच्या साउथ साइडमधलं यंगर कुटुंब, पाच माणसं. आजी लीना, मुलगा वॉल्टर ली, सून रूथ, कॉलेजात शिकणारी मुलगी बेनिथा आणि दहाएक वर्षांचा नातू ट्रॅव्हिस. ट्रॅव्हिसला खोली नाही, तो बाहेरच्या खोलीत कोचावर झोपतो, म्हणजे रात्री मोठ्यांच्या गप्पा संपेपर्यंत त्याला झोपता येत नाही. न्हाणीघर-संडास बाहेर पॅसेजमध्ये, शेजारच्या बिऱ्हाडाबरोबर सामायिक. त्यामुळे रूथचं सकाळचं पहिलं काम म्हणजे पोराला उठवून शेजाऱ्यांच्या आधी आत घुसवणं. आमच्या गटात हा भाग वाचताना बीडीडी चाळीत वाढलेल्या तिघीजणी एकदम हसल्या. एकशेसाठ चौरस फुटांत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग पन्नास सेंटचा प्रसंग येतो. ट्रॅव्हिसला शाळेत पन्नास सेंट न्यायचे आहेत. रूथ सांगते, नाहीत. ती खोटं बोलत नाहीये, घरात खरंच नाहीत. पोरगं रुसून बसतं. वॉल्टर येतो, बायकोकडे रोखून बघत पोराला पन्नास सेंट देतो, वर आणखी पन्नास देतो, फळं घे, नाहीतर टॅक्सीने जा म्हणतो. पोरगं खूश होऊन जातं. थोड्या वेळाने वॉल्टर कामावर जायला निघतो, बाहेर जातो आणि परत येतो. गाडीभाड्याला पैसे नाहीत. ते रूथकडेच मागावे लागतात. दोन पानांत या माणसाचा पुरुषी ताठा, त्याचं पोरावरचं प्रेम, घराची ऐपत आणि बायकोचा थकवा एवढं सगळं आलं, आणि यातलं काहीही कुणी बोलून दाखवलेलं नाही. मला तिच्या लेखनातली सगळ्यांत मोठी ताकद इथे दिसते.

वारलेल्या बापाच्या विम्याचे दहा हजार डॉलर येणार आहेत, त्यावर सगळ्यांचा डोळा. वॉल्टरला दारूचं दुकान टाकायचंय, बेनिथाला डॉक्टर व्हायचंय, लीनाला घर हवंय. लीना साडेतीन हजार भरून क्लायबोर्न पार्क नावाच्या गोऱ्यांच्या वस्तीत घर घेते. उरलेले साडेसहा हजार मुलाच्या हातात देते, त्यातले तीन हजार बहिणीच्या शिक्षणाला बाजूला ठेव सांगते. तो सगळेच्या सगळे भागीदाराला देतो आणि भागीदार पळून जातो. त्याआधी वस्तीतल्या रहिवासी संघाचा कार्ल लिंडनर नावाचा गृहस्थ येऊन गेलेला असतो. अतिशय नम्र माणूस. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही. एवढंच सुचवतो की तुम्ही तिथे येऊ नये, घर आम्ही तुमच्याकडून जास्त किंमतीला परत घेतो.

शेवटी वॉल्टर त्याला नकार देतो आणि घरातलं सामान हलायला लागतं. म्हणून याला सुखान्त म्हणतात. माझं म्हणणं आहे की हा सुखान्त नाही, आणि हे लिहिणारीला ते पक्कं माहीत होतं. १९३७ मध्ये तिच्या वडिलांनी, कार्ल हॅन्सबेरींनी, साउथ ऱ्होड्स अॅव्हेन्यूवर गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं तेव्हा ती सात वर्षांची होती. घरासमोर जमाव आला. खिडकीतून वीट आत आली, तिला लागता लागता राहिली. पुढे एका पत्रात तिने लिहिलंय की शाळेत जाता-येता लोक थुंकायचे, मारायचे, आणि वडील वॉशिंग्टनच्या कोर्टात लढत असताना आई रात्रभर भरलेलं जर्मन पिस्तूल घेऊन घरात फेऱ्या घालायची. ज्या मुलीने ते घर पाहिलं, तिने यंगर कुटुंबाला टेम्पोत बसवून पडदा पाडला. तिचं नाटक पडद्यानंतर सुरू होतं असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

जुना_प्रेक्षक

धागा छान. पण एक प्रामाणिक मतभेद. मी छबिलदासच्या काळापासून प्रायोगिक नाटकं बघत आलोय. त्या डोळ्यांनी पाहिलं तर हे नाटक जुन्या बांधणीचं आहे. एक दिवाणखाना, तीन अंक, चेक येणार-येणार म्हणून ताणलेली उत्सुकता, पैसे बुडणं, शेवटी नायकाचं बाणेदार भाषण. आपल्याकडच्या कौटुंबिक नाटकाचा हाच साचा होता आणि तो मोडायला आमच्या पिढीने बरीच मेहनत घेतली. हॅन्सबेरीवर तिच्या हयातीतच ही टीका झाली होती. अमिरी बराकांसारख्या काळ्या नाटककारांनाही ते मध्यमवर्गीय, गोऱ्यांच्यात मिसळायला निघालेल्यांचं नाटक वाटलं होतं.

गिरणगावावर जयंत पवारांचं 'अधांतर' घ्या. तीही चाळीतली एक खोली, तीही आई, मुलगे, मुलगी. पण तिथे कुणी कुणाला बाणेदार उत्तर देऊन सुटत नाही. संपानंतर त्या घरातली माणसं एकेक करून हातातून निसटत जातात. मला ते जास्त खरं वाटतं.

---

अनघा_नायगाव

काका, बराकांचं पूर्ण सांगायला हवं. त्यांनी पुढे ऐंशीच्या दशकात हे मत जाहीरपणे बदललं. आमच्या पिढीने या नाटकाकडे नीट पाहिलं नाही, यातले प्रश्न सामान्य काळ्या माणसाचेच आहेत, अशा अर्थाचं लिहिलं.

साच्याबद्दल तुमचं मान्य. पण तिला तो साचा मुद्दाम हवा होता. विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात असताना तिने शॉन ओ'केसीचं 'जूनो अँड द पेकॉक' पाहिलं आणि ती हलून गेली. डब्लिनच्या गरीब वस्तीतलं एक घर, वारसा मिळणार म्हणून उधारीवर आणलेलं सामान, मग ते सगळं जाणं. एका खोलीतून अख्खा देश दाखवता येतो हे तिला तिथे दिसलं. 'अधांतर' मलाही फार थोर वाटतं, पण दोघांना एकाच तराजूत कशाला घालायचं? १९५९ मध्ये ब्रॉडवेच्या प्रेक्षकाने काळ्या माणसाचं स्वयंपाकघर रंगमंचावर क्वचितच पाहिलं होतं. मोलकरीण, ड्रायव्हर ही पात्रं त्यांना माहीत होती, पण ती माणसं आपल्या घरी गेल्यावर काय करतात हे माहीत नव्हतं. लीना आणि रूथ दुसऱ्यांच्या घरी कामं करणाऱ्या, वॉल्टर दुसऱ्याची गाडी चालवणारा. तिने कॅमेरा उलटा फिरवला.

---

कायदा_बोरिवली

हॅन्सबेरींचा खटला आम्हा वकिलांना वेगळ्याच कारणाने माहीत असतो, म्हणून थोडं सविस्तर.

त्या काळी शिकागोत घरमालक आपसात करार करत की या भागातलं घर काळ्या माणसाला विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. हा करार दस्तात नोंदवला जाई आणि पुढच्या खरेदीदारालाही लागू होई. हॅन्सबेरींनी घेतलेलं घर अशाच करारात होतं. करारातच अट होती की रस्त्यालगतच्या ९५ टक्के जागेच्या मालकांच्या सह्या झाल्या तरच तो लागू. त्याआधीच्या एका खटल्यात दोन्ही पक्षांनी कोर्टापुढे कबूल करून टाकलं होतं की ९५ टक्के सह्या झाल्या आहेत. प्रत्यक्षात त्या जेमतेम ५४ टक्के होत्या. इलिनॉयच्या कोर्टाने म्हटलं, तो प्रश्न एकदा मिटलाय, आता पुन्हा उकरता येणार नाही, हॅन्सबेरींनी घर सोडावं.

१९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. पण कारण काय दिलं? आधीच्या खटल्यात हॅन्सबेरी पक्षकार नव्हते, ज्यांचे हितसंबंध त्यांच्या विरुद्ध होते ते त्यांचे प्रतिनिधी धरता येत नाहीत, म्हणून तो निकाल त्यांना बांधत नाही. बस्स, एवढंच. असा करार मुळात चालेल की नाही याला न्यायालयाने हातच लावला नाही. असे करार कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत हे ठरायला १९४८ साल उजाडावं लागलं, शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात. अमेरिकेत कायद्याचे विद्यार्थी हॅन्सबेरी खटला आजही वाचतात, पण दिवाणी प्रक्रिया शिकताना. वंशभेदाच्या धड्यात तो तितकासा येत नाही. ज्या घरासाठी बाई पिस्तूल घेऊन जागल्या ते प्रकरण पुस्तकात 'पक्षकार कोण' या सदराखाली गेलं.

आणि आता आपल्याकडे या. २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात म्हटलं की एका समाजापुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी, म्हणजे संस्थेचा अंतर्गत नियम, चालू शकतो, तो संघटना करण्याच्या हक्कात बसतो. भेदभावाला मनाई करणारं संविधानाचं कलम १५ मुख्यतः शासनाला बांधतं, खाजगी संस्थेला सरसकट नाही, असा तो युक्तिवाद. म्हणजे लिंडनर आज मुंबईत असता तर त्याला पैसे देऊन घर परत घ्यायचीही गरज पडली नसती. सोसायटीच्या कमिटीत बसून त्याने सभासदत्वाचा अर्ज लांबवला असता.

---

स्वप्नील_मुलुंड

वकीलसाहेब, यातला शेवटचा परिच्छेद आमच्या घरात घडलाय. घर बघायला गेलो, दलालाने फोनवरच विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" आणि पुढे आडनाव विचारलं. किल्ली मालकाकडे आहे, कळवतो म्हणाला. त्याने कळवलं नाही. तोही अतिशय नम्र होता. लिंडनरचं वर्णन वाचल्यावर तोच आठवला.

---

सुजाता_चेंबूर

अनघाताई, मनापासून धन्यवाद. माझी भर.

घर नाकारलं जाण्याची गोष्ट आपल्याकडे बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तर राहायला जागा मिळेना. जात लपवून एका पथिकाश्रमात राहावं लागलं, आणि कळल्यावर काठ्या घेतलेली माणसं दारात येऊन उभी राहिली. मुंबईत ते परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं राहिले.

हॅन्सबेरीशी याचा एक धागा आहे तो फार थोड्यांना माहीत असतो. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, अस्पृश्यांच्या वतीने तसंच काही करता येईल का म्हणून. डु बॉइस यांचं सहानुभूतीचं उत्तरही आलं. हेच डु बॉइस हॅन्सबेरींच्या शिकागोच्या घरी येत-जात. गायक-नट पॉल रोबसन, कवी लँगस्टन ह्यूज हेही येत. ह्यूज यांच्याच कवितेतून पुढे तिने नाटकाचं नाव घेतलं. १९५० मध्ये कॉलेज सोडून ती न्यूयॉर्कला आली, रोबसन यांच्या 'फ्रीडम' नावाच्या पत्रात टायपिंगपासून सुरुवात करून सहसंपादक झाली, आणि त्याच काळात डु बॉइस यांच्या वर्गात बसून आफ्रिकेचा इतिहास शिकली. बेनिथाचा नायजेरियन मित्र असागाय हे पात्र त्या वर्गातून आलेलं आहे हे वाचताना कळतं. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन रंगमंचावर आफ्रिकेतला माणूस देशाच्या स्वातंत्र्यावर बोलतो, हसवायला येत नाही, ही केवढी गोष्ट.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव ब्लॅक पँथरवरून घेतलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण या दोन समाजांतली देवाणघेवाण त्याच्या कितीतरी आधीपासून, अशी पत्रांतून आणि वर्गांतून चालली होती. म्हणून मला हे 'परदेशी नाटक' वाटत नाही.

---

पोयबावडी

सुजाताताई, +१. बीआयटी चाळीचा उल्लेख वाचून बरं वाटलं.

---

गिरणगावकर_६४

मी नाटकं फारशी वाचत नाही. मुलीने हा धागा दाखवला. वॉल्टरचे पैसे बुडाले ते वाचलं आणि लिहायला बसलो.

माझे वडील लोअर परळला गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सतरा-अठरा वर्षांचा. अडीच लाख कामगार बाहेर. संप कधी संपला हे कुणी सांगितलंच नाही, तो तसाच विरत गेला. पुढे बऱ्याच वर्षांनी वडिलांना हिशेब मिळाला. फंड, ग्रॅच्युइटी, जे काही असेल ते. आयुष्यात पहिल्यांदा घरात एकरकमी पैसा. त्या आठवड्यात आमच्या खोलीत जे वातावरण होतं ते या नाटकात आहे. कोण काही बोलत नव्हतं, पण प्रत्येकाने मनात त्या पैशाचं काहीतरी केलेलं होतं. आईला डोंबिवलीला जागा घ्यायची होती, बहिणीचं लग्न होतं, थोरल्या भावाला धंदा करायचा होता.

भावाने धंदा केला. भागीदारीत. पुढचं सांगत नाही, वॉल्टरचं वाचलंत तेच.

जुना_प्रेक्षक म्हणतात की हे ताणलेलं आहे, चेक येणार म्हणून उत्सुकता वगैरे. साहेब, ज्या घरात पैसा एकदाच येतो तिथे ते ताणलेलंच असतं. आणि भावाला आम्ही मूर्ख म्हणत आलो. मुलीने मला ते वाचून दाखवलं, वॉल्टर कसा दुसऱ्याची गाडी चालवून आयुष्य गेलं म्हणून तडफडतो. मग मला भावाचं पहिल्यांदा वेगळं दिसलं. त्याला गिरणीत वडिलांसारखं वाकायचं नव्हतं. दुकानाच्या पाटीवर त्याला आपलं नाव बघायचं होतं.

त्या बाईने मुलाला माफ केलं का शेवटी?

---

अनघा_नायगाव

दादा, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी काही वेळ काहीच लिहू शकले नाही.

लीना त्याला आधी मारते. खरोखर, तोंडावर. नवऱ्याला या पैशासाठी रात्री-अपरात्री राबून चाळिशीआधीच म्हातारा होताना पाहिलंय, असं सांगत रडते. मग बेनिथा जेव्हा म्हणते की हा माझा भाऊ नाहीच, तेव्हा हीच लीना मुलीला झापते. तिचं म्हणणं असं की माणूस चांगलं वागतो तेव्हा त्याच्यावर प्रेम करणं सोपं असतं, तो पार कोसळलेला असताना करायचं असतं, आणि त्याला मोजायचं तर तो कुठल्या खाचखळग्यांतून आलाय तेही मोजा. बेनिथा गप्प होते.

आणि ते भाषण, ज्याला काका बाणेदार म्हणाले. मूळ प्रसंगात वॉल्टर आधी लिंडनरला फोन करून बोलावतो ते पैसे घ्यायलाच. तो गुडघे टेकून, मालकासमोर लाचार होऊन कसा बोलेन ते घरच्यांना करून दाखवतो. ते वाचवत नाही. लिंडनर येतो तेव्हा रूथ पोराला खाली जायला सांगते आणि लीना म्हणते, नाही, ट्रॅव्हिस इथेच थांबेल, तू काय करतोयस ते त्याला समजावून सांग. तेव्हा वॉल्टर अडखळतो. पुढे तो जे बोलतो ते भाषण म्हणायला फार तुटक आहे. माझ्या वडिलांनी हे घर कमावलंय, म्हणून आम्ही तिथे जाणार, आम्हाला कुणाशी भांडायचं नाही. साधारण एवढंच. पोरासमोर लाचार होता येत नाही म्हणून झालेला नकार आहे तो. तिने नायकाला वाक्यं दिली नाहीत, साक्षीदार दिला.

---

रश्मी_विलेपार्ले

सगळे वॉल्टरवर बोलताय, म्हणून रूथबद्दल. तिला दिवस गेलेत आणि ती गर्भपातासाठी एका बाईकडे पाच डॉलर आगाऊ देऊन आलेली आहे. तेव्हा ते तिथे बेकायदा. तिला मूल नकोसं नाही, पण ते ठेवायचं कुठे? ट्रॅव्हिसच झोपतो कोचावर. नवऱ्याला हे त्याच्या आईकडून कळतं आणि तो एक अक्षर न बोलता बाहेर जातो. घराचा प्रश्न बाईच्या शरीरापर्यंत कसा येतो हे एवढ्या थोडक्यात क्वचित वाचलंय. आणि नंतर घर घेतल्याचं कळताच रूथ विचारते, तिथे ऊन येतं का? उन्हाची जागा! चाळीत आतल्या बाजूची खोली मिळालेल्या बायका हेच विचारतात.

लेखिकेच्या खाजगी आयुष्याबद्दलही लिहायला हवं. रॉबर्ट नेमिरॉफशी १९५३ मध्ये लग्न, तो ज्यू, लेखक-निर्माता. त्याने मित्राबरोबर लिहिलेलं एक गाणं गाजलं आणि त्या पैशावर तिला नोकरी सोडून पूर्णवेळ लिहिता आलं. १९५७ मध्ये दोघं वेगळे राहू लागले. त्याच वर्षी तिने 'द लॅडर' या समलिंगी स्त्रियांच्या मासिकाला नावाची फक्त आद्याक्षरं देऊन पत्रं लिहिली. स्त्रियांची आर्थिक परावलंबिता आणि त्यांच्यावरची लग्नाची सक्ती यांचा संबंध तिने त्यात जोडला आहे, १९५७ मध्ये! तिच्या मृत्यूनंतर नेमिरॉफने तिचं अप्रकाशित लेखन कष्टाने बाहेर आणलं, पण हा भाग बरीच वर्षं बंद राहिला. त्यामुळे दोन पिढ्यांनी अर्धीच बाई वाचली. मला याचा राग येतो, तो इथे नोंदवते.

---

केदार_गोरेगाव

एक शंका. तिचे वडील तर मोठे घरमालक होते ना? शिकागोत मोठी घरं घेऊन त्यांचे छोटे-छोटे भाग पाडून काळ्या भाडेकरूंना देण्याचाच त्यांचा व्यवसाय होता असं वाचलंय. मग चाळीतल्या दुःखावर लिहिण्याचा अधिकार घरमालकाच्या मुलीला कितपत?

---

अनघा_नायगाव

केदार, बरोबर वाचलंयस. एका फ्लॅटचे अनेक तुकडे, प्रत्येकात शेगडीपुरती जागा, संडास सामायिक, याला तिथे किचनेट म्हणायचे आणि कार्ल हॅन्सबेरींनी त्यात चांगला पैसा केला. काळ्या लोकांना ठरावीक पट्ट्याबाहेर घर मिळत नव्हतं म्हणूनच त्या तुकड्यांना मागणी होती. म्हणजे ज्या भिंतीविरुद्ध ते कोर्टात लढले, त्याच भिंतीवर त्यांचा धंदाही उभा होता.

पण म्हणूनच मला ती जास्त मोठी वाटते. तिने घरमालकाची गोष्ट लिहिली नाही. ती भाडेकरूच्या बाजूला जाऊन बसली. लहानपणी शाळेत तिला भारीतला पांढरा फरकोट घालून पाठवलं आणि वर्गातल्या गरीब पोरांनी तिला चोपलं, तर तिने दोस्ती केली ती त्या चोपणाऱ्या पोरांशी, गळ्यात घराची किल्ली अडकवून हिंडणाऱ्यांशी. आणि कमाईने तिच्या वडिलांचंही रक्षण झालं नाही. खटला जिंकूनही त्यांचं अमेरिकेतून मन उठलं. मेक्सिकोत कुटुंब हलवायच्या तयारीत असताना १९४६ मध्ये ते तिथेच वारले. मुलगी पंधरा वर्षांची. पुढे तिने लिहिलं की वंशद्वेषाने त्यांचा बळी घ्यायला मदत केली.

---

जुना_प्रेक्षक

गिरणगावकर, तुमचं वाचलं. उत्सुकतेबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यावर मी विचार करतोय. बांधणीबद्दलचं माझं मत कायम आहे, पण त्या पन्नास सेंटवर आणि पोराला समोर उभं करण्यावर मला काही म्हणायचं नाही. तिथे हात पक्का आहे.

पुढच्या नाटकांचं काय? 'द साइन इन सिडनी ब्रुस्टीन्स विंडो' कुणी वाचलंय?

---

रश्मी_विलेपार्ले

मी वाचलंय. काका, तुम्हाला ते आवडेल, साच्यातलं नाही. ग्रिनिच व्हिलेजमधला एक ज्यू विचारवंत, कशावरच विश्वास न उरलेला, निवडणुकीत एका उमेदवाराचा प्रचार करतो आणि तोंडघशी पडतो. काळ्या लेखिकेने गोऱ्या माणसांवर लिहावं हे समीक्षकांना पटलं नाही. ऑक्टोबर १९६४ मध्ये उघडलं तेव्हा ती स्वादुपिंडाच्या कर्करोगाने आजारी होती. तिकीटविक्री नव्हती, तर नाट्यक्षेत्रातल्या माणसांनी खिशातून पैसे घालून प्रयोग चालू ठेवले. १०१ प्रयोग झाले. १२ जानेवारी १९६५ ला ती गेली, वय ३४, त्याच सुमारास नाटकही थांबलं.

लढणाऱ्या तरुणांबद्दल तिला काय वाटायचं ते मे १९६३ च्या बैठकीत दिसतं. लेखक जेम्स बाल्डविनने काही कलावंत-कार्यकर्त्यांना घेऊन तेव्हाचे अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींची भेट घेतली. तिथे जेरोम स्मिथ नावाचा, दक्षिणेत मार खाल्लेला कार्यकर्ता संतापून बोलला आणि केनेडी त्याच्याकडे पाठ करून नामवंतांकडे वळले. हॅन्सबेरीने त्यांना सुनावलं की या खोलीत ऐकण्यासारखं ज्याच्याकडे आहे तो हाच आहे. थोड्या वेळाने ती उठून निघून गेली, बैठक मोडली.

---

सुजाता_चेंबूर

आणि 'ले ब्लाँ'? वसाहतीतल्या आफ्रिकन देशावरचं. ते तिच्यामागे १९७० मध्ये आलं. वडिलांच्या अंत्यविधीला परत आलेला, युरोपात संसार थाटलेला नायक, आणि देशात सशस्त्र लढा पेटलेला. आपण कुठे उभं राहायचं हा प्रश्न तिने तिथे फार करकरीत मांडलाय. गटात पुढचं वाचन त्याचं करा, मी चेंबूरहून येईन.

---

अनघा_नायगाव

चालेल, पुढचं 'ले ब्लाँ'. मोठं आहे, दोन बैठका लागतील. इंग्रजी अडत असेल त्यांच्यासाठी पहिल्या अंकाचा मराठी खर्डा मी आणि रश्मी मिळून करतो, रश्मी चालेल ना?

गिरणगावकर दादा, तुम्ही आणि तुमची मुलगी दोघंही या. आणि जमलं तर भावालाही आणा. 'रेझिन'मधला लिंडनर येतो तो प्रवेश आपण सुरुवातीला पुन्हा एकदा वाचू, वॉल्टर कोणी वाचायचा ते तिथेच ठरवू.

---

गिरणगावकर_६४

भाऊ आता गावी असतो, देवगडला. मुलगी म्हणते फोनवर ऐकवू. मी येतो. लिंडनरचं काम मी वाचलं तर चालेल का? तसा माणूस मी जवळून बघितलाय.